मावळे बालवाडीतले का दिसतात?

या आठवड्याचं पत्र:

सर, मी खानापूर तालुक्यातली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज रेल्वेनं बेळगावला येते. चित्रकला कुठं शिकले नाही, मोबाईलवर बघून बघून काढते. मांगा, म्हणजे जपानी कॉमिकच्या धर्तीचं चित्र, चांगलं जमतं असं मैत्रिणी म्हणतात. यंदा गल्लीतल्या मंडळानं शिवजयंतीच्या चित्ररथासाठी प्लायवूडचे कटआउट काढायला सांगितलेत: जिजाऊ, बाल शिवबा आणि चार मावळे. कागदावर काढून दाखवले तर पोरं हसायला लागली. ‘अक्का, हे मावळे बालवाडीतले हाईत काय?’ म्हणाली. मी तर सगळे तक्ते पाठ केलेत. खरा माणूस साडेसात डोकी, म्हणजे उंची डोक्याच्या साडेसात पट, फॅशनचं चित्र नऊ, मांगा साडेसहा, चिबी (मांगातलीच मोठ्या डोक्याची बुटकी गोंडस आकृती) तीन. तरी चुकतंय कुठं? वेगवेगळ्या शैलींची प्रमाणं नीट शिकायची तर सुरुवात कुठून करू? आणि मोबाईलवरच शिकलं तर चालतं का? सोबत फोटो जोडलेत.
– रेघोटी, खानापूर तालुका

रेघोटी,

फोटो मोठे करून बघितले. पोरं हसली त्यात त्यांचा दोष नाही, मलाही हसू आलं. पण तुझी रेघ न घाबरता आलेली आहे, आणि पदराच्या चुण्या माझ्या हातून अजून इतक्या सुटसुटीत येत नाहीत. गडबड दुसरीकडेच आहे. जिजाऊ तू फॅशनच्या तक्त्यावरून काढल्यास, नऊ डोकी. मावळे मांगाच्या तक्त्यावरून. शिवबा चिबीच्या, तीन डोकी. एकाच पंगतीला तीन गावची माणसं बसवलीस, आणि प्रत्येकाला वाढणारा वेगळा. शिवबाचं डोकं आईच्या डोक्यापेक्षा मोठं झालंय. पट्टी लावून बघ.

तुझे तक्ते चुकीचे नाहीत. पण तक्त्यातला आकडा एकट्या, ताठ उभ्या, मोठ्या माणसाचा असतो. त्याच शैलीत पोर केवढं, म्हातारी केवढी, पैलवान केवढा, हे तक्ता सांगत नाही. ते आपलं आपण काढायचं असतं, आणि त्यासाठी आधी घरातली खरी माणसं मोजून झालेली असावी लागतात. तू तीच पायरी ओलांडून थेट माळ्यावर गेलीस.

तर येत्या रविवारी एवढंच कर. भावाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं कर. डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर खडूची खूण, हनुवटीच्या रेषेत दुसरी खूण. केसांचा फुगा धरायचा नाही, वही दाबून टाळूला टेकव. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एक डोकं. तेवढीच सुतळी काप आणि टाळूपासून खाली मोजत ये. पहिली सुतळी हनुवटीवर संपणार, ते उघड आहे. दुसरी छातीवर, स्तनाग्रांच्या रेषेत. तिसरी बेंबीजवळ. चौथी मांड्या फुटतात तिथं. मग गुडघ्याची वाटी साडेपाचच्या आसपास, आणि तळपायापर्यंत साडेसात. माझ्या भाच्याला असा उभा केला होता तेव्हा तो भरला 168 सेंटिमीटर, डोकं साडेबावीस. कर भागाकार.

आता गंमत बघ. ड्रॉइंगच्या वर्गात शिकवतात ती आठ डोक्यांची आदर्श आकृती घे. तिच्यातही हनुवटी, छाती, बेंबी, जांघ पहिल्या चार सुतळ्यांवरच असतात. वाढलेलं अर्धं डोकं सगळंच्या सगळं पायांत गेलेलं असतं. फॅशनच्या नऊ डोक्यांच्या बाईचंही तेच. धड जवळजवळ तेवढंच राहतं, पाय लांबतात, त्यातही गुडघ्याखालचा भाग जास्त. कपडा लांब आणि सळसळीत दिसावा म्हणून त्या धंद्यातल्या चित्रकारांनी केलेली ती सोय आहे. तू मात्र नऊ भाग सारखे वाटून टाकलेस. त्यामुळे जिजाऊंचं धडही ताणलं गेलं आणि नऊवारीचा सगळा भारदस्तपणा गेला. ‘अमुक शैलीत किती डोकी’ याच्यापेक्षा ‘वाढलेलं किंवा कापलेलं कुठं गेलं’ हे विचारायची सवय लाव. सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये आठ-साडेआठ डोकी असतात, पण खरी वाढ रुंदीत असते. खांदे अडीच-तीन डोकी रुंद. चिबीत उलटं. मान जवळजवळ नाहीशी होते, धड आखडतं, पाय त्याहून आखडतात.

नऊवारीवरून आठवलं. निऱ्या बेंबीपाशी खोचलेल्या असतात, म्हणून नवखा हात तीच कमर आणि तेच शरीराचं अर्धं असं धरतो. खरं अर्धं त्याच्या बरंच खाली, जांघेच्या जरासं वर असतं. बेंबी जमिनीपासून मोजली तर उंचीच्या साठ टक्क्यांवर येते. धोतराचंही तसंच. कपड्यानं सांधे झाकले की आधी उघडी आकृती पेन्सिलीनं हलकी काढायची आणि मग तिच्यावर नेसवायचं. याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

सुतळी हाताशी नसेल तर आपल्या भाषेतच एक माप आहे. कीर्तनात ‘साडेतीन हातांचा देह’ ऐकलं असशील. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि ज्याचा त्याच्याच देहाला लावायचा. मोजून बघ, मोठ्या माणसाला साधारण बरोबर बसतं. आणखी काही जोड्या लक्षात ठेव: हात खाली सोडला की कोपर कमरेशी, मनगट जांघेच्या रेषेत, बोटं अर्ध्या मांडीवर. पंजा म्हणजे हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंतचा चेहरा. पाऊल म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत. तुझ्या मावळ्यांचे पंजे चेहऱ्याच्या निम्मेच आहेत, अशा पंजात तलवार कशी ठरावी? नवशिक्या सगळ्यांचेच पंजे आणि पावलं लहान होतात. माझीही होत.

मग घरातलं लहान पोर मोज. नसेल तर शेजारचं आण. तीन वर्षांची माझी नात 94 सेंटिमीटर भरली आणि डोकं साडेअठरा, म्हणजे पाच डोकी. जन्मलेलं मूल चार डोक्यांचं असतं. सहा वर्षांचं पावणेसहाच्या आसपास. डोकं फार वाढत नाही, बाकीचं शरीर त्याला गाठत जातं, आणि त्यातही पाय सगळ्यांत जास्त. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पूर्वी जन्माचा दाखला नसला की शाळेत नाव घालताना मास्तर पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. धरता आला तर घेतलं पहिलीत. तीन वर्षांच्या पोराला तो धरता येतच नाही, कारण डोकं मोठं आणि हात आखूड. माझंही नाव तसंच घातलं होतं, आणि म्हणून माझी जन्मतारीख एक जून आहे. तुझ्या चिबी शिवबाला हा कान धरायला लाव. चित्रातल्या माणसाचं वय तपासायची यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही.

आजीला शेवटी मोज, आणि बसवून मोज, उगाच उभं करू नको. वयानं मणके दबतात, पाठ वाकते, उंची उतरते, पण डोकं तेवढंच राहतं. म्हणून म्हातारं माणूस सात किंवा त्याहून कमी डोक्यांत येतं. पांढरे केस आणि सुरकुत्या नंतर काढल्या तरी चालतात. उंची उतरवली की आजी आधीच आजी दिसते.

आता तुझ्या शैलीकडे ये. समज, तुला मांगाच्याच वळणाचं चित्र करायचंय. कर की, कोण अडवतंय. मोठा माणूस सहा डोक्यांचा धर. खरा साडेसात, तुझा सहा, म्हणजे चार पंचमांश. तर सहा वर्षांचा शिवबा खऱ्यात पावणेसहा, तुझ्याकडे साडेचारच्या जरा पुढे. आजी असती तर साडेपाच. हा हिशेब अगदी काटेकोर पाळायला पाहिजे असं नाही, डोळ्यानं थोडं इकडंतिकडं करायचं, पण सगळ्यांना एकाच वजनकाट्यावर तोलायचं. म्हणजे बघणाऱ्याला ती सगळी एका घरातली वाटतात. सगळ्यांची डोकी मोठी असली तरी कुणी हसत नाही. एकाचंच मोठं असलं की हसतात.

मावळे बालवाडीतले दिसले त्याला उंची फारशी कारणीभूत नाही. साडेसहा डोक्यांचा माणूस मोठा दिसू शकतो. तुझे दिसत नाहीत, कारण खांदे दीडच डोकं रुंद आहेत. मोठ्या पुरुषाचे दोन तरी हवेत. मान बोटाएवढी. आणि डोळे चेहऱ्यात खाली आहेत. मोठ्या माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मध्यावर येतात, लहान मुलाचे त्याच्या खाली, कारण कपाळ मोठं आणि जबडा इवलासा. तू मध्याखाली मोठाले डोळे काढलेस आणि त्यावर मिशी चिकटवलीस. मिशी लावलेलं पोर झालं. डोळे मोठेच ठेव, पण वर घे, जबडा रुंद कर, मान दोन्ही कानांमधल्या अंतराएवढी रुंद कर. तालमीत जाऊन एखाद्या पैलवानाला पाठमोरा बघ, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही. तो खरा मावळा. आणि पगडी डोक्यात मोजू नकोस. डोकं टाळूपर्यंतच, पगडी त्यावर.

मोजमापाचं हे वेड युरोपातून आलं असं वाटत असेल तर एक दिवस कॉलेज सुटल्यावर बेळगावच्या किल्ल्यात जा, बसस्टँडवरून चालत जाण्यासारखा आहे. आत कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, 1204 सालचं, रट्ट राजांच्या वेळचं. छताचं कमळ बघायला सगळेच जातात. तू जिनमूर्ती, म्हणजे तीर्थंकरांच्या मूर्ती, बघ. आपल्या शिल्पशास्त्रात एकक असतं ताल, म्हणजे चेहरा, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. एका तालाची 12 अंगुळं. नवताल मूर्तीचा हिशेब असा: चेहरा 12, गळा 4, गळ्यापासून हृदय 12, तिथून बेंबी 12, तिथून जांघ 12, मांडी 24, गुडघा 4, पोटरी 24, पाऊल 4. बेरीज 108. ग्रंथागणिक थोडा फरक पडतो, पण सांगाडा हा. इथं एक मोठा घोटाळा लोक करतात, तू करू नको. नवताल म्हणजे नऊ डोकी नव्हेत. ताल हा चेहरा आहे, माथा त्याच्या वर. माथ्याला चारेक अंगुळं धरलीस तर उंची 112 आणि डोकं 16, भागाकार सात डोकी. नऊ म्हटल्यावर फॅशनची बाई डोळ्यापुढे येते आणि निघतो सात डोक्यांचा भरदार देव. इजिप्तची भिंतीवरची उभी माणसंसुद्धा तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंतच मोजत, 18 चौकटींत. तक्ता कुठलाही असो, त्यातलं एकक कुठून कुठपर्यंत आहे ते आधी बघायचं.

त्याच शास्त्रात गणपती पंचताल आहे, पाच. म्हणजे लहान मुलाचं प्रमाण, आणि म्हणूनच एवढं मोठं पोट आणि सोंड असून तो आपल्याला बाळच वाटतो. उलट उभ्या जिनमूर्तीचे हात गुडघ्यापर्यंत लांब करतात. आजानुबाहू. कुणाही माणसाचे एवढे लांब नसतात, ते शिल्पकारालाही ठाऊक होतं. हा माणूस साधा नाही, हे त्याला त्या लांबीतून सांगायचं होतं. प्रमाण मोडायचं ते असं, एका जागी आणि कारणानं. बाकी सगळं जागेवर असतं म्हणूनच ते हात दिसतात.

बसलेल्या मूर्तीचंही एक सुंदर माप जैन परंपरेत आहे. पद्मासनात एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं अंतर, उजव्या गुडघ्यापासून डाव्या खांद्यापर्यंतचं, डाव्या गुडघ्यापासून उजव्या खांद्यापर्यंतचं, आणि आसनापासून केसांच्या रेषेपर्यंतचं, ही चारही सारखी. चार दोरे एका मापाचे. एकदा काढून बघ, मांडी घातलेला माणूस पुन्हा कधी कलंडणार नाही. बाकावर बसलेल्यांसाठी तुझी रेल्वे आहेच. बाकापासून टाळूपर्यंत साधारण चार सुतळ्या, बाकापासून जमिनीपर्यंत दोन. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, समोरच्याचं डोकं पेन्सिलीवर अंगठ्यानं धरायचं आणि खाली मोजायचं. लोक बघतात, बघू देत. दोन दिवसांनी स्वतःच विचारतात, माझं काढलंस काय म्हणून.

आता तुझ्या कटआउटचा खरा धोका, जो तू विचारलेलाच नाहीस. मी विशीत असताना एका तालमीच्या भिंतीवर मारुती रंगवला होता, दहा फुटी. नवीन नवीन शिकलेलो, आठ डोक्यांचा शास्त्रशुद्ध मारुती काढला, खांदे तीन डोकी. पराती सोडली, खाली उतरलो आणि वर बघितलं तर खांद्यावर लिंबू ठेवल्यासारखं दिसत होतं. वस्ताद शेजारी येऊन उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘मास्तर, मारुतीला डोकं लावायचं राहिलं बगा.’ परत पराती बांधली. डोकं तीन बोटं वाढवलं, जबडा रुंद केला, मांड्या थोड्या उतरवल्या. मापानं चुकलेला मारुती खालून बघताना बरोबर दिसायला लागला. उंचावरचं चित्र जवळून, खालून बघितलं की वरचा भाग आखडतो आणि पाय अंगावर येतात. तुझी चित्रं ट्रॉलीवर उभी राहणार, लोक रस्त्यावरून मान वर करून बघणार. कागदावर बरोबर आहे तेवढ्यावर प्लाय कापू नको. आधी जुन्या वर्तमानपत्रांचे ताव चिकटवून एक आकृती पूर्ण मापाची कर, गच्चीवरून खाली सोड आणि रस्त्यावर जाऊन बघ. डोकं जरा मोठं लागेल. किती ते डोळाच सांगेल.

मापं अशी घे. जिजाऊ सात डोक्यांच्या, डोकं 12 इंच, म्हणजे उंची सात फूट. सात खरं तर आपल्या बायकांच्या जवळचंच माप आहे, आणि उंचावर ठेवायच्या चित्राला ते मानवतं. शिवबा पाच फूट, डोकं 11 इंचांच्या आत. त्याची टाळू आईच्या छातीच्या रेषेला येईल. मावळे साडेसात फूट, डोकं 12 इंचच, खांदे 25. पुढचा मावळा आणि मागचा मावळा लहानमोठा करायचा असेल तर आख्खा लहान कर, डोक्यासकट. चौकटी आखून मोठं करणार असशील तर चौकट डोक्याच्या निम्म्याएवढी धर, सहा इंची, म्हणजे सुतळीचा हिशेब चौकटींतच दिसत राहील.

मोबाईलचं विचारलंस. शिक की. फक्त पाच इंची काचेवर सगळी माणसं टाचणीएवढी असतात, तिथं अर्ध्या डोक्याची चूक दिसतच नाही. आठवड्यातून एकदा भिंतीएवढं काढ, कोळशानं. लोअर-हायरच्या ड्रॉइंग परीक्षांना बसायचं का हे तू विचारलं नाहीस, पण आई विचारेल. बस, हाताला वळण लागतं, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नको. आणि खानापूरसारख्या ठिकाणी कुठं शिकायचं म्हणून रडू नको. तू रोज ज्या बेळगावात उतरतेस तिथंच चित्रकार के. बी. कुलकर्णी चित्रमंदिर या कलाशाळेत शिकवत, आणि चित्रकार रवी परांजपे तिथूनच पुढं गेले. या दोघांची मूळ चित्रं कुठं लागली तर गर्दी ओसरेपर्यंत थांब आणि फक्त बसलेल्या माणसांची मांडी बघ.

जिजाऊंच्या पायांतला फूटभर आधी काढ, बाकीचं नंतर. वर्तमानपत्राची आकृती गच्चीवरून सोडलीस की रस्त्यावरून फोटो काढून पाठव. शेजारी भावाला उभा कर, म्हणजे मला माप कळेल.